घर नको झालं, पैसे परत हवेत

घरखरेदीच्या सगळ्या व्यवहारात आरक्षणापोटी भरलेली रक्कम सर्वांत लहान. पुढचे हप्ते, कर्ज, नोंदणीचा खर्च यांच्यापुढे ती किरकोळ वाटते आणि म्हणूनच सर्वांत कमी विचार करून दिली जाते. इमारत अजून उभी नसते. भिंतीवर रंगीत नकाशा असतो, मध्यभागी काचेखाली प्रकल्पाची छोटी प्रतिकृती असते आणि या बाजूचे दोनच फ्लॅट उरलेत असं सांगणारा माणूस समोर असतो. फोनवरून पैसे वळते होतात, एक छापील अर्ज भरला जातो, त्यावर सही होते. घर पुढे घेतलं तर त्या अर्जाकडे पुन्हा कुणी ढुंकूनही बघत नाही. घर नको झालं तर मात्र सगळं त्या एका कागदावर येऊन अडतं.

घर नको होण्याची कारणं साधीच असतात. बँक अपेक्षेपेक्षा कमी कर्ज देते. नोकरी जाते, बदली होते, घरात कुणी आजारी पडतं. वकील कागद वाचतो आणि जमिनीच्या मालकीबद्दल शंका काढतो. कधी विकासकच नकाशा बदलतो, ताब्याची तारीख वर्षभर पुढे ढकलतो, नाहीतर करारनाम्यात अर्जात नसलेले खर्च घालतो. यातली काही कारणं घेणाऱ्याच्या बाजूची, काही विकणाऱ्याच्या. किती रक्कम परत मिळणार हे बहुतेक देशांत यावरच ठरतं. पण कारण कुठल्याही बाजूचं असो, पैसे परत मागणाऱ्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. आपण काही गैर करतोय, दिलेला शब्द मोडतोय, असं त्याला वाटू लागतं. मला हे फार चुकीचं वाटतं आणि त्याबद्दलच लिहायचं आहे.

आरक्षणाच्या रकमेच्या बदल्यात विकासक काय देतो? ठरलेल्या मुदतीपुरता तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला विकत नाही, एवढंच. तेवढ्या वेळात घेणाऱ्यानं कागद तपासायचे, बँकेकडे जायचं, घरच्यांशी बोलायचं आणि मग करारनाम्यावर सही करायची की नाही ते ठरवायचं. तपासल्यावर नाही म्हणावंसं वाटलं, तर ती मुदत ज्यासाठी होती त्याचसाठी वापरली गेली. विकासकाचं नुकसान झालंच असेल तर त्या काही आठवड्यांपुरतं, आणि कागदपत्रांच्या थोड्याफार खर्चाचं. त्याहून जास्त त्यानं ठेवून घ्यावं, याला काही आधार हवा. ‘आमची पॉलिसी आहे’ हा आधार होत नाही.

माझ्या आतेबहिणीच्या वेळी मी तिच्याबरोबर गेले होते. तिचं कर्ज अर्जात लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरंच कमी मंजूर झालं होतं आणि उरलेली रक्कम उभी करणं तिला शक्य नव्हतं. अर्जाच्या पुढच्या पानावर फ्लॅटचा क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, किंमत, सगळं ठसठशीत. मागच्या पानावर अटी, इतक्या बारीक अक्षरात की कागद खिडकीजवळ धरून वाचावा लागला. एका अटीत म्हटलं होतं की कोणत्याही कारणानं ग्राहकानं माघार घेतल्यास आरक्षणाची रक्कम जप्त होईल. त्याच पानावर, खाली, दुसरी अट: अर्जात नमूद केलेलं कर्ज मंजूर न झाल्यास ‘योग्य ती कपात करून’ रक्कम परत केली जाईल. दोन्हींवर तिची एकच सही.

विक्री कार्यालयातल्या मुलानं बोट ठेवलं पहिल्या अटीवर. तो उद्धट नव्हता. त्याला तेवढंच सांगितलेलं होतं आणि चेक काढण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हताच. आतेबहीण खुर्चीच्या कडेवर बसली होती, उसने पैसे मागायला आल्यासारखी. मी दुसरी अट मोठ्यानं वाचली आणि विचारलं, की सर्वसाधारण अट आणि खास याच प्रसंगासाठी लिहिलेली अट यांचा मेळ बसत नसेल, तर खास अटच लागू व्हायला नको का? आणि योग्य कपात म्हणजे किती, कशाकशापोटी, ते लेखी मिळेल का? त्यानं वरिष्ठांना विचारून सांगतो म्हटलं. मग ठरलेली वाट सुरू झाली: फाइल अकाउंट्सकडे गेलीय, सही करणारे साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात फोन करा.

त्या वाट बघण्याच्या काळात मी वेगवेगळ्या देशांचे याबाबतचे नियम वाचत गेले आणि माझं मत पक्कं होत गेलं. परतावा देणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचा नाही, हे अनेक ठिकाणच्या कायद्यांनी केव्हाच ओळखलं आहे.

फ्रान्सचं उदाहरण मला सर्वांत समंजस वाटतं. तिथं बांधायच्या घराच्या विक्रीचा कायदा 1967 चा. करारनाम्याआधी आरक्षणाचा एक वेगळा, प्राथमिक करार होतो आणि त्यात घ्यायच्या अनामत रकमेला मर्यादा आहे: एका वर्षात घर पुरं होणार असेल तर किमतीच्या 5 टक्के, दोन वर्षांत होणार असेल तर 2 टक्के, आणि त्याहून उशिरा होणार असेल तर काहीच घ्यायचं नाही. या उतरत्या क्रमामागचा विचार फार चांगला आहे. घर जितकं दूर, तितका घेणाऱ्याचा धोका मोठा, म्हणून तितकी रक्कम लहान. सही झाल्यावर विचार बदलायला 10 दिवस मिळतात. 2015 पूर्वी ते 7 होते. त्यानंतरही काही प्रसंगी एक पैसाही न कापता रक्कम परत द्यावी लागते. विकासकानं ठरल्या वेळेत विक्रीचा करार केला नाही, किंमत सांगितल्यापेक्षा 5 टक्क्यांहून जास्त वाढली, प्राथमिक करारात नमूद केलेलं कर्ज मिळालं नाही किंवा 10 टक्क्यांनी कमी मिळालं, कबूल केलेली एखादी सोय बांधलीच जाणार नसेल, असे ते प्रसंग. मागणी केल्यापासून तीन महिन्यांत पैसे द्यायचे. आतेबहिणीच्या अर्जातली ‘योग्य ती कपात’ आठवली, की कर्ज नाकारलं गेल्यास शून्य कपात असं स्वच्छ लिहिणाऱ्या त्या नियमाबद्दल आदर वाटतो.

त्याहून मोलाची वाटली ती रक्कम कुठं ठेवायची याची तरतूद. ती विकासकाच्या चालू खात्यात जातच नाही. घेणाऱ्याच्या नावानं उघडलेल्या खास खात्यात ती पडून राहते आणि विक्रीचा करार होईपर्यंत विकासकाला तिला हात लावता येत नाही, त्याच्या सावकारांनाही ती जप्त करता येत नाही. आपली रक्कम परत मिळेल की नाही, हे मागणीच्या दिवशी जेवढं ठरतं त्यापेक्षा जास्त ती भरल्याच्या दिवशी ठरलेलं असतं. पैसे सिमेंट-सळईत गेले, जाहिरातीत गेले, जुन्या कर्जाच्या व्याजात गेले, की कितीही न्याय्य मागणी असली तरी तिजोरीत द्यायला काही उरत नाही. म्हणून अर्जावर सही करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते किमतीचा नाही. पैसे कुणाच्या खात्यात जाणार, त्या खात्यातून ते कोण काढू शकतो, आणि दलालाच्या खात्यात जात असतील तर का, हा तो प्रश्न.

स्पेनला हे कळायला मोठी किंमत मोजावी लागली. आगाऊ पैसे घेऊन घरं न बांधण्याचे प्रकार तिथं झाले आणि जुलै 1968 मध्ये कायदा आला: घेणाऱ्यांच्या आगाऊ रकमा स्वतंत्र खात्यात ठेवायच्या आणि त्या व्याजासह परत मिळतील याची विमा कंपनीची किंवा बँकेची हमी द्यायची. कायदा उत्तम होता. तरी 2008 नंतर बांधकामाचा बाजार कोसळला तेव्हा असं दिसलं, की कित्येकांना अशी हमी कधी मिळालीच नव्हती. विकासक बुडालेला, इमारत सांगाड्यावर थांबलेली, मागायचं कुणाकडे? डिसेंबर 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बँकांवर जबाबदारी टाकली. घरं घेणाऱ्यांचे आगाऊ पैसे आपल्याकडच्या खात्यात येतायत हे दिसत असताना ज्या बँकेनं स्वतंत्र खातं आणि हमी यांचा आग्रह धरला नाही, तिनं ते पैसे भरून द्यावेत. हा निकाल वाचताना मला खरोखर समाधान वाटलं. पैसे कोणत्या दारातून आत गेले हे लक्षात ठेवणारं कुणीतरी होतं.

सगळीकडे घेणाऱ्याकडेच झुकतं माप आहे असं मात्र नाही. हाँगकाँगमध्ये 2013 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार प्राथमिक करारावेळी किमतीच्या 5 टक्के भरायचे आणि कामकाजाच्या पाच दिवसांत मुख्य करारावर सही केली नाही, तर ते सगळे जातात. कठोर आहे, पण त्यापुढे विकासकाला तुमच्याकडून आणखी काही मागता येत नाही, एवढी सोय आहे. सिंगापूरमध्ये नियम मधला. तिथं आरक्षणाच्या वेळी विकासक खरेदीच्या हक्काचा जो कागद देतो, त्याचा मसुदा सरकारनंच ठरवलेला आहे. ठरलेल्या मुदतीत घेणाऱ्यानं खरेदीचा हक्क बजावला नाही, तर आरक्षणाच्या रकमेचा चौथा हिस्सा विकासकाचा, तीन हिस्से परत. मला या दोन्हींत एक गुण दिसतो, तो म्हणजे सही करण्याआधी आकडा माहीत असतो. पाच टक्के जाणार हे ठाऊक असताना माणूस एक रात्र जास्त विचार करतो. ‘योग्य ती कपात’ वाचून कुणी विचार करत नाही, कारण त्या शब्दांत विचार करण्याजोगं काही नसतंच.

इंग्लंडमध्ये नव्या घरांच्या विकासकांसाठी जी आचारसंहिता आहे, तिच्यात आरक्षणानंतर 14 दिवस पूर्ण रक्कम परत मिळण्याची तरतूद आहे. त्यानंतर प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्चच कापता येतो. मी आतेबहिणीसाठी मागितला होता तो हाच: झालेला खर्च, तपशिलासह.

आता ऑस्ट्रेलियाची उलटी गोष्ट. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात डिसेंबर 2019 पासून अजून न बांधलेल्या घरांच्या करारानंतर कामकाजाचे 10 दिवस विचाराला मिळतात आणि त्या काळात माघार घेतली तर किमतीच्या पाव टक्का एवढीच रक्कम जाते. पण तिथला मोठा झगडा वेगळाच होता. करारात एक शेवटची तारीख असते. तोपर्यंत घर पुरं झालं नाही तर करार रद्द करता येतो. भाव चढले तेव्हा काही विकासकांनी तारीख उलटू दिली, लोकांची अनामत परत केली आणि तीच घरं चढ्या भावानं दुसऱ्यांना विकली. म्हणजे इथं पैसे परत मिळणं हाच अन्याय. काही वर्षं त्या घराच्या भरवशावर बसलेल्यांच्या हाती तेव्हाचीच रक्कम आली, आणि तेवढ्यात आता तसं घर मिळत नव्हतं. 2015 मध्ये कायदा बदलला. त्या तारखेचा आधार घेऊन करार मोडायचा तर विकासकाला घेणाऱ्याची लेखी संमती हवी किंवा न्यायालयाचा आदेश. परतावा म्हणजे घेणाऱ्याची सोय, असं सरसकट मानून चालत नाही, हे मला या उदाहरणातून कळलं.

भारतात 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या कायद्यानं दोन पायाभूत गोष्टी केल्या. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. आणि घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वापरायचे. ताबा ठरल्या तारखेला मिळाला नाही, तर प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे मागण्याचा हक्क आहे, आणि तो बिनशर्त आहे असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केलं. त्याआधी 2019 मध्ये याच न्यायालयानं म्हटलं होतं, की विकासकानं तयार केलेल्या एकतर्फी मसुद्यावर ग्राहकाची सही आहे एवढ्यानं तो त्या अटींना बांधला जात नाही. अशा अटी घालणं हीच अनुचित व्यापारी प्रथा. पहिल्या अटीवर बोट ठेवून ‘सही तुमचीच आहे ना’ असं विचारणाऱ्या प्रत्येकासाठी ते उत्तर आहे.

स्वतःहून माघार घेणाऱ्याचं काय, यावर महाराष्ट्रात 2022 मध्ये महारेरानं, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणानं, वाटपपत्राचा (फ्लॅट तुमच्या नावे ठेवल्याचं विकासक देतो त्या पत्राचा) नमुना ठरवून दिला. वाटपपत्र दिल्याच्या तारखेपासून 15 दिवसांत रद्द केलं तर कपात नाही. 16 ते 30 दिवसांत 1 टक्का, 31 ते 60 दिवसांत दीड टक्का, त्यानंतर 2 टक्के. वाचताना एक गोष्ट सहज निसटते. हे टक्के भरलेल्या रकमेचे नाहीत, घराच्या किमतीचे आहेत. किमतीच्या 5 टक्के भरून तीन महिन्यांनी माघार घेतली, तर भरलेल्यातले दोन पंचमांश गेले. त्यामुळे मन डळमळीत असेल तर आधी तारीख बघावी आणि मग बाकीचं. फोनवर कळवलंय, व्हॉट्सअॅपवर बोलणं झालंय, यावर विसंबून दिवस घालवू नयेत. दिवस मोजले जातात ते रद्द करण्याचं पत्र विकासकाकडे पोचेपर्यंत.

आमचं पत्र मी लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. अर्जाचा क्रमांक, पावतीचा क्रमांक, भरलेली रक्कम आणि तारीख, फ्लॅटचा क्रमांक, बँकेचं पत्र सोबत जोडलं आहे, अमुक अटीनुसार आरक्षण रद्द करत आहोत, कपात करायची असल्यास तिचा तपशील कळवावा, उरलेली रक्कम या खात्यात या तारखेपर्यंत जमा करावी. ते नोंदणीकृत टपालानं पाठवलं आणि त्याचीच प्रत ईमेलनं. आतेबहिणीला ते फार कोरडं वाटलं. तिला अडचणीचं वर्णन घालायचं होतं, किती वर्षं बचत केली तेही. मी नको म्हटलं. अडचण सांगितली की मागणीची विनंती होते, आणि विनंतीवर विचार करायला समोरच्याला कितीही वेळ घेता येतो.

उत्तर आलं ते दोन पर्याय घेऊन. पहिला, हाच पैसा त्यांच्याच दुसऱ्या प्रकल्पात वळता करावा, थोडी सूट मिळेल. दुसरा, हा फ्लॅट दुसऱ्या ग्राहकाला विकला गेला की त्या पैशातून परतावा देऊ. दोन्ही प्रस्ताव अनेकांना येतात आणि दोन्ही गोड भाषेत येतात. पहिल्यात तुमचा पैसा त्यांच्याकडेच राहतो आणि तुम्ही पुन्हा एका न बांधलेल्या घराच्या रांगेत उभे राहता, तेही न बघता. दुसऱ्यात फ्लॅट विकण्याचा धोका, जो विकासकाच्या धंद्याचा भाग आहे, तो गुपचूप तुमच्या अंगावर येतो. बाजार मंद असेल तर तो ग्राहक वर्षभर येणार नाही, आणि आला तरी कळवणार तेच. अर्जात तशी अट नव्हती, म्हणून आम्ही तेवढंच एका ओळीत कळवलं आणि पुढची तक्रार कुठं करणार तेही लिहिलं.

त्यानंतर हालचाल झाली. कपातीचा तपशील आला. त्यात मुद्रणखर्च, फाइलचा खर्च आणि ‘विपणन खर्च’ अशा ओळी होत्या. पहिल्या दोन मान्य केल्या. तिसरी नाकारली, कारण जाहिरात तिच्या एकटीसाठी झालेली नव्हती. ती ओळ काढली गेली.

शेवटी त्यांनी एक छापील कागद पुढे केला: आरक्षण रद्द झालं असून संपूर्ण रक्कम मिळाली, यापुढे काहीही येणं नाही. सोबत मूळ पावती जमा करायला सांगितली. पैसे अजून आलेले नव्हते. पैसे मिळण्याआधी ते मिळाल्याची कबुली मागणं ही अनेक कार्यालयांत इतकी रुळलेली पद्धत आहे की मागणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. यावेळी मला बोलावं लागलं नाही. आतेबहिणीनं पेन घेतलं, ‘संपूर्ण रक्कम मिळाली’ हे शब्द खोडून तिथं ‘रक्कम खात्यात जमा झाल्यावर हा कागद लागू होईल’ असं लिहिलं, शेजारी सही आणि तारीख घातली, पावतीची झेरॉक्स दिली आणि मूळ पावती पर्समध्ये ठेवली. त्या मुलानं आत जाऊन विचारलं आणि चालेल म्हणून सांगितलं. रक्कम जमा झाल्याचा मेसेज आल्यावर ती पावती देऊन आली.